टंचाई निवारणार्थ ध्वनिमुद्रण

रुद्रप्पा मेंगाणेने त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात कचेरीतला टेपरेकॉर्डर गुपचूप काखोटीला मारून नेला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. कचेरीतल्या वस्तू गुपचूप नेण्याची पद्धत चांगली रुळलेली होती. थर्मास जात, सतरंज्या जात, एकदा एक लोखंडी कपाट कुणाच्या तरी मेहुणीच्या लग्नाला जाऊन लाडवांचा वास घेऊन परत आले होते. कुणी ब्र काढला नव्हता. पण रुद्रप्पा पडला नियमाने चालणारा माणूस. त्याने अर्ज केला, आणि तोही तीन प्रतींत.

रुद्रप्पा सोलापुरात एका सरकारी कचेरीच्या टंचाई शाखेत कारकून होता. साल दुष्काळाचे. कोणत्या गावाला किती टँकर निघाले, किती पोचले आणि मधल्यांचे काय झाले, याचे तक्ते तो दिवसभर आखत असे. अशा माणसाला इंग्रजी गाण्यांचे वेड असेल, असे त्याच्याकडे बघून कुणी म्हटले नसते. तसे ते सगळ्या इंग्रजी गाण्यांचे नव्हतेही. एकाच बँडचे होते. पुण्याच्या कँपातली पाच पोरे ‘ब्रास लँटर्न’ या नावाने रॉक संगीत वाजवत. खात्याच्या परीक्षेला पुण्याला गेला असताना एका कॉलेजच्या कुंपणाबाहेर उभा राहून त्याने ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय लिहिले ते त्याला आजतागायत आठवत नाही. निकालावरून अंदाज मात्र आला.

आता या बँडची एकही तबकडी निघालेली नव्हती. कंपन्यांना ती पोरे नको होती. जे काही होते ते त्यांच्या भक्तांनी कार्यक्रमात यंत्रे लपवून नेऊन टिपलेले. असे दहाबारा भक्त पुणे, मिरज, सिकंदराबाद इथे विखुरलेले होते आणि त्यांचा म्होरक्या होता हुबळीच्या रेल्वे पार्सल ऑफिसातला फर्नांडिस नावाचा गृहस्थ. फर्नांडिस प्रत्येक टेपची नोंद एका यादीत ठेवी. तारीख, ध्वनिमुद्रणाचे ठिकाण, यंत्र, आवाजाची प्रत, शेरा. यादीचा नमुना पाहून रुद्रप्पाचे डोळे भरून आले. जगात आपल्यासारखा आणखी एक माणूस आहे, हे त्याला प्रथमच कळले.

मात्र मंडळाचा नियम कडक होता. जो नवे देईल त्यालाच जुने मिळेल. यादीत अकरा टेपा होत्या आणि रुद्रप्पापाशी द्यायला एकही नव्हती. दोन वर्षे तो फर्नांडिसला पत्रे लिहीत होता आणि दोन वर्षे फर्नांडिस त्याला अतिशय सभ्य इंग्रजीत नाही म्हणत होता.

आणि अशात सोलापुरात हँडबिल वाटले गेले. डॉक्टरांच्या एका क्लबाने दुष्काळ निधीसाठी पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम ठेवला होता आणि वाजवणार होते ब्रास लँटर्न. रुद्रप्पाने हँडबिल चार वेळा वाचले, मागची कोरी बाजूही एकदा वाचली, आणि त्याच संध्याकाळी फर्नांडिसला कार्ड टाकले. उलटटपाली उत्तर आले. सोलापूर आणा, अकराही तुमच्या.

यंत्राचा प्रश्न होता. गल्लीत एकच टेपरेकॉर्डर होता, शेजारच्या महादेवप्पाकाकांचा. काका चादरीचे व्यापारी. मुंबईहून आणलेला कॅसेटचा टेपरेकॉर्डर ते भरतकामाच्या अभ्र्यात ठेवत आणि त्यावर फक्त स्वतःच्या आवाजातली संतांची कानडी वचने भरत. यंत्र उसने देण्याबद्दल त्यांचे धोरण सगळ्या गल्लीला पाठ होते.

“यंत्र जाईल तिथं मी जाणार,” काका म्हणाले. “आणि त्या दिवशी मी अक्कलकोटला मेहुण्याकडं जाणार. म्हणजे यंत्र अक्कलकोटला. तू असं कर रुद्रप्पा, ते पितळी कंदीलवाले गातील तेवढं कान देऊन ऐक आणि घरी येऊन लिहून काढ.”

मग उरले कचेरीच्या प्रचार शाखेचे यंत्र. प्रचार शाखेची एक व्हॅन होती, तिच्यावर कर्णा होता, आणि ‘पाणी जपून वापरा, देवीची लस टोचून घ्या’ असे सांगत ती तालुक्यातालुक्यांतून फिरे. यंत्र बरेचसे मोकळेच असे, कारण व्हॅन बरीचशी बंदच असे.

“न्या की उचलून,” बायको विजयमाला म्हणाली. “कपाट जातंय, तर हे जाईना?”

“उद्या कुणी विचारलं तर?”

“कुणी विचारत न्हाय म्हणून तर कपाट गेलं.”

पण रुद्रप्पाने अर्ज केला. अर्जाला सहा टेबले होती आणि प्रत्येक टेबलाला एक शंका. गाण्याचा आणि सरकारचा संबंध काय, ही शंका चौथ्या टेबलाने काढली आणि तिथे फाइल चार दिवस बसली. शेवटी रुद्रप्पाने स्वतःच वाक्य सुचवले. कार्यक्रम दुष्काळ निधीसाठी आहे, सबब ‘टंचाई निवारणार्थ ध्वनिमुद्रण’ असे म्हणायला हरकत नसावी. चौथे टेबल खूश झाले. मोठ्या साहेबांनी सही ठोकली. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता भांडारपाल रामहरी घुले यांनी टेपरेकॉर्डर नग एक, कोरे स्पूल (फितीचे रीळ) नग एक, असे रुद्रप्पाच्या स्वाधीन केले. अट एकच होती. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत परत.

इतर भक्तांनी यंत्रे धोतराखाली, पर्समध्ये, एकाने तर म्हणे जेवणाच्या डब्यात लपवून नेली होती. रुद्रप्पा मंजुरीचा कागद हातात धरून पुढच्या दाराने आत गेला. सरकारी माणूस आला म्हणून क्लबाच्या लोकांनी त्याला पहिल्या रांगेत बसवले, नारळ दिला आणि यंत्रासाठी एक स्टूल दिले. प्रेक्षक बत्तीस होते. रुद्रप्पाने मोजले, सवयच ती. मध्यंतरात बटाटेवडे निघाले आणि मध्यंतरानंतर प्रेक्षक अकरा उरले. तिसऱ्या गाण्यात गिटारवाल्याची तार तुटली. त्याने ती नुसती हाताने बाजूला केली आणि उरलेल्या पाच तारांवर गाणे असे काही उचलले की रुद्रप्पाच्या अंगावर काटा आला. मागे कुणी तरी जांभई दिली. स्पूल फिरत होते. सात गाणी, पंचेचाळीस मिनिटे. घरी जाताना नारळ आणि यंत्र दोन्ही छातीशी धरून रुद्रप्पा चालत गेला, कारण सायकलवर हादरे बसले असते. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, आणि हे तो विजयमालाला बोलून गेला, ही त्या दिवसातली त्याची एकमेव चूक असे त्याला त्या रात्री वाटत होते.

खरी चूक सकाळी अकराला पाच मिनिटे कमी असताना उघडकीस आली. रामहरी घुल्यांनी यंत्र तपासून घेतले आणि मग स्पूलसाठी हात पुढे केला.

“स्पूल राहू दे की अण्णा माझ्याकडं, दोन दिवस. काका अक्कलकोटहून आले की त्यांचं यंत्र इथं आणून, ह्या यंत्रासमोर धरून उतरवून घेतो आणि स्पूल परत देतो.”

“स्पूल सरकारी आहे.”

“बरं, स्पूल सरकारी. त्यावरचं गाणं तर माझं?”

रामहरींनी डेड स्टॉक रजिस्टर उघडले, बोटाला थुंकी लावून पान काढले आणि शांतपणे लिहिले. लिहून झाल्यावर रजिस्टर रुद्रप्पाकडे फिरवले. ‘स्पूल, ध्वनिमुद्रित, टंचाई निवारणार्थ, नग एक.’

“आता बोला,” रामहरी म्हणाले. “स्पूलवर जे काय असंल ते स्पूलात धरलं. उतरवून घ्यायला देता येईल असा नियम दाखवा, लगेच देतो. मला काय त्याचं करायचंय?”

असा नियम नव्हता. रुद्रप्पाला नियम पाठ होते, त्यामुळे शोधण्याचेही समाधान मिळाले नाही. त्याने तरी अर्ज केला. तो पहिल्या टेबलावर असतानाच प्रचार शाखेची व्हॅन, कुणालाही अपेक्षा नसताना, सुरू झाली. व्हॅनच्या चालकाने नेहमीप्रमाणे यंत्र मागितले आणि टंचाईबद्दलचे जे काही स्पूल असेल ते मागितले. रामहरींनी रजिस्टर पाहिले आणि नियमाप्रमाणे दिले.

म्हणजे रुद्रप्पाने स्वतःच्या अक्षरात जे वाक्य लिहिले होते, त्या वाक्यानेच त्याची टेप सांगोला तालुक्यात नेली.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी रुद्रप्पाच्या ओट्यावर सल्ले द्यायला सात माणसे बसली होती. एकाचे म्हणणे, वकिलाची नोटीस द्यावी. दुसऱ्याचे, नवस बोलावा. तिसरा म्हणाला, इंग्रजीच हवे तर रेडिओवर बातम्या लागतात इंग्रजीत, त्या उतरवून हुबळीला पाठव, त्या माणसाला काय कळतंय? विजयमालाने सगळ्यांना चहा दिला आणि नवऱ्याला आत बोलावून हातात एसटीचे वेळापत्रक ठेवले.

“उद्या पहिली गाडी सांगोल्याची. तीन दिवस रजा टाका. भाकरी बांधून देते.”

“रजेला कारण काय लिहू?”

“पोटदुखी लिहा. तुमच्या पोटात दुखतंच आहे.”

यंत्र हवे होते, कारण व्हॅन गाठून टेप तिथल्या तिथे उतरवून घ्यायची होती. त्यामुळे सकाळी एसटी स्टँडवर अक्कलकोटहून परतलेले महादेवप्पाकाकाही हजर झाले. अभ्र्यातला टेपरेकॉर्डर मांडीवर, बगलेत जाड चादर, आणि खिशात एकच कॅसेट.

“अट ऐक,” बस हलल्याबरोबर काका म्हणाले. “एका बाजूला माझी वचनं आहेत. श्रावणात भरलेली, आवाज फार लागला होता. त्या बाजूला हात लावायचा नाही. दुसरी बाजू तुझी.”

“काका, एका बाजूला तीस मिनिटं मावतात. गाणी पंचेचाळीस मिनिटांची आहेत.”

“मग त्यांना जरा भरभर गायला सांगायचं होतं तू.”

सांगोल्याला पोचले तेव्हा व्हॅन कालच गेली होती. टँकरच्या ठिकाणी घागरींची रांग लागलेली, टँकरचा पत्ता नाही, आणि रांगेत सावली धरून बसलेल्या गोजरबाई नावाच्या म्हातारीने रुद्रप्पाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“ती धडाम्‌धुडुमवाली गाडी व्हय? आली हुती की. लई ब्येस. दरवर्साला भाषानच असतंय, पानी जपून वापरा म्हनून. जपायला तरी पानी द्या की म्हनलं. औंदा पैल्यांदा सरकारनं कायतरी बरं आयकवलं. त्यो पोरगा वरडतोय न्हवं, तसंच आमच्याबी पोटात वरडतंय.” मग तिने विचारले, “तुमी टँकरचं सायेब काय?”

रुद्रप्पा टँकरचाच माणूस होता. ते कबूल करण्याचा प्रामाणिकपणा त्याने इथेही केला, आणि पुढचा पाऊण तास रांगेतल्या बायकांनी त्याला जे ऐकवले ते कुठल्याही स्पूलवर मावले नसते. मंगळवेढ्याची गाडी चुकली. काका लिंबाखाली चादर अंथरून निवांत झोपले होते. रुद्रप्पाने मात्र एका चुरगळलेल्या पाकिटावर टँकरांचे आकडे लिहून घेतले, आणि कचेरीतल्या तक्त्यातले आकडे यांच्याशी का जुळत नाहीत, हा विचार त्याला रात्रभर धर्मशाळेत ढेकणांच्या बरोबरीने चावत राहिला.

मंगळवेढ्यालाही व्हॅन निघून गेलेली. तिथल्या दवाखान्यात नर्सबाई दानम्मा रजिस्टर पुढ्यात घेऊन अजून चकित होऊन बसली होती.

“एरवी लस म्हटलं की लोक ज्वारीच्या कणग्यांत लपतात,” ती म्हणाली. “काल गाडी दारात उभी करून ते गाणं लावलं आणि बघायला म्हणून जो तो आला. आला तो रांगेत उभा केला. एकशे चाळीस. माझ्या नोकरीत एवढे कधी झाले नाहीत. एकच तक्रार आहे, गाण्याच्या ठेक्यावर माझा हात हलत होता.”

रुद्रप्पाने तेही पाकिटावर लिहून घेतले. का, ते त्यालाही सांगता आले नसते. आकडा दिसला की टिपणे हा स्वभाव.

तिसऱ्या दिवशी नातेपुते. बाजारचा दिवस. बसमधून उतरण्याआधीच रुद्रप्पाला ते ऐकू आले. धुळीवरून, शेळ्यांच्या ओरडण्यावरून, मिरच्यांच्या ढिगांवरून पाच तारांवरचे तिसरे गाणे येत होते. तो धावत सुटला. काका मागून अभ्रा सावरत ‘हळू, यंत्र आहे’ असे म्हणत येत होते.

व्हॅनच्या पायरीवर चालक कोंडीबा बिडी ओढत बसला होता. त्याने रुद्रप्पाचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. मंजुरी, रजिस्टर, हुबळी, अकरा टेपा, काहीही वगळले नव्हते.

“न्हाय सायेब,” तो म्हणाला. “स्पूल देत न्हाय. आदी मी भाषान लावायचो तर शेरडंसुदिक थांबत न्हवती. आता बगा. आनि ऱ्हायलंय किती? आजचाच दिस. उद्या मोटं सायेब अकलूजला येत्यात. त्येंचं भाषान भरायचंय, आनि दुसरं स्पूल तुटलंय. ह्येच्यावरच भरा म्हनून हुकूम आलाय.”

“यावरच? म्हणजे हे पुसलं जाणार?”

“व्हय की. मला काय ग्वाड वाटतंय का? पर हुकूम हाय.”

रुद्रप्पा मटकन पायरीवर बसला. दोन वर्षे, सहा टेबले, तीन दिवस आणि सात गाणी, उद्या सकाळी त्यावर मोठे साहेब नाला बांधाविषयी बोलणार होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादा सरकारी हुकूम फाडून टाकावासा वाटला. तो विचार मनात येताच तो इतका घाबरला की उठून उभा राहिला आणि त्याला कामाचे सुचले.

“कोंडीबा, स्पूल देऊ नका. नुसतं पहिल्यापासून लावा. आम्ही समोर यंत्र धरतो.”

“लावतो. पर मदी मदी मला बोलाय लागतंय. लसीचं आनि पान्याचं. न्हाय बोललो तर रिपोट हुतोय.”

यंत्र कर्ण्यासमोर एका उपड्या टोपलीवर ठेवले. लगेच नवे विघ्न आले. वारा सुटला होता आणि यंत्राच्या माइकात घोंगावत होता. इथे महादेवप्पाकाकांचे चाळीस वर्षांचे ज्ञान कामाला आले. त्यांनी चादरीची घडी उलगडली, तिहेरी केली, दोन काठ्यांवर आडोसा धरला आणि विणीच्या दाटपणावर थोडे व्याख्यान दिले. ते व्याख्यानही कॅसेटवर आले आहे.

बाजार मांडलेला. पहिल्या गाण्याला लोक जमू लागले, दुसऱ्याला शेळ्यांचे सौदे थांबले, तिसऱ्यात तार तुटली तेव्हा शेंगा विकणाऱ्या बाईने मोठ्याने ‘अगं बया’ म्हटले, आणि तो पाच तारांवरचा तुकडा असा उसळला की पटक्यावाल्या एका म्हाताऱ्याने मांडीवर ताल धरला. गाणे संपले की कोंडीबा गंभीर आवाजात लसीचे सांगे आणि लोक ओरडत, ‘फुडचं लाव की.’ रुद्रप्पा टोपलीशेजारी धुळीत गुडघे टेकून बसला होता. त्याला क्लबातली जांभई आठवली. इतके दिवस आपण एकटेच ऐकत होतो, असे त्याला वाटले.

पाचवे गाणे अर्ध्यात असताना खट्‌ असा आवाज झाला. बाजू संपली.

रुद्रप्पाने काकांकडे पाहिले. काकांनी दोन्ही हातांत चादर धरलेली होती आणि ते गर्दीकडे पाहत होते. मग त्यांनी एक काठी शेजारच्या शेळीवाल्याच्या हातात दिली, खाली वाकले, कॅसेट काढली, फुंकर मारली, उलटी करून बसवली आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबले.

“काका, तुमची वचनं आहेत त्या बाजूला. श्रावणातली.”

“आहेत. मी परत म्हणीन.” काकांनी काठी परत घेतली. “ही पोरं परत इथं येऊन म्हणणार आहेत का? आयतु बिडू, झालं, सोड. बस खाली. तुझी सावली पडतेय यंत्रावर.”

दुसऱ्या दिवशी अकलूजला मोठे साहेब नाला बांधाविषयी पन्नास मिनिटे बोलले, आणि सोलापूरचा कार्यक्रम पृथ्वीतलावरून गेला.

घरी येऊन रुद्रप्पाने कॅसेटसोबत फर्नांडिसच्या यादीचा तक्ता भरला. तारीख. यंत्र. आवाजाची प्रत, मध्यम. शेरा, तीन शेळ्या, लस, चादर. ‘ध्वनिमुद्रणाचे ठिकाण’ या रकान्यापाशी तो थांबला. सोलापूर लिहिले तर ते खोटे ठरले असते. सोलापूरचे ध्वनिमुद्रण सरकारी होते आणि पुसले गेले होते. हे ध्वनिमुद्रण जिथे झाले तिथेच झाले. त्याने प्रामाणिकपणे लिहिले, ‘नातेपुते, बाजारतळ’.

फर्नांडिसचे उत्तर तारेने आले. ब्रास लँटर्नने नातेपुत्याला कार्यक्रम केला आहे, हे मंडळाला ठाऊकच नव्हते. मिरजेची एक नर्स नकाशा घेऊन बसली होती. सिकंदराबादच्या दोघांनी नातेपुते हे भारतातील रॉक संगीताचे मोठे केंद्र असल्याचे पत्रक काढले होते. रुद्रप्पाने ताबडतोब खुलासा पाठवला, चार पाने, संदर्भासहित, मंजुरीच्या नकलेसह. फर्नांडिसने कळवले की खुलाशाचे पहिले पान उत्तम आहे, त्यापुढे कुणी वाचत नाही, आणि यादी एकदा शाईने लिहिली की बदलत नाही. हा शेवटचा मुद्दा रुद्रप्पाला पटला.

अकरा टेपा आल्या. ऐकायला यंत्र नव्हते. मग रोज संध्याकाळी तो काकांकडे जाऊ लागला, आणि काकांची अट अशी की आधी अर्धा तास वचने नव्याने भरायची आणि रुद्रप्पाने मान डोलवायची. तो मनापासून डोलवत असे. सांगोल्याच्या पाकिटावरचे आकडेही त्याने वरती पाठवले. त्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली आणि सांगोल्याला दोन टँकर जास्त मिळाले. गोजरबाईपर्यंत पोचले की नाही, हे तक्त्यात कळत नाही.

दिवाळीत बातमी आली की ब्रास लँटर्न मोडला. पाचांपैकी तिघे नोकऱ्यांना लागले. रुद्रप्पा दोन दिवस नीट जेवला नाही. आणि मग एक पाकीट आले, पुण्याच्या कँपातून. पत्र केरसी नावाच्या माणसाचे होते. तोच तो, तार तुटलेला गिटारवाला. फर्नांडिसने त्याला नातेपुते ऐकवले होते.

‘हे नातेपुते नाही,’ केरसीने लिहिले होते. ‘हे सोलापूर आहे. माझी तार मला ओळखू येते. त्या रात्री अकरा माणसे उरली होती आणि पाचव्या गाण्यावर मी ठरवले की पुरे झाले, हे आपल्या लोकांना नको आहे. पण या टेपवर लोक ओरडून मागतात. एक बाई माझ्या तारेसाठी हळहळते. आम्ही तिथे नव्हतोच. मग हे लोक कोण आहेत? कृपया कळवावे.’

रुद्रप्पाने तीन मसुदे केले. विजयमालाने तिन्ही फाडले आणि साधे लिहा म्हणाली. शेवटी गेले ते असे. ‘हे लोक बाजारला आले होते. कुणी शेळ्या विकायला, कुणी ज्वारी न्यायला. तुमचे नाव त्यांना ठाऊक नाही. टेप संपली तेव्हा ते लगेच उठले नाहीत. मंगळवेढ्याला तुमच्या गाण्यावर एकशे चाळीस जणांनी लस टोचून घेतली. त्याची नोंद नर्सबाईंच्या रजिस्टरात आहे, ती कुणालाही पाहता येईल.’

पंधरा दिवसांनी एक कार्ड आले. त्यावर पाचही पोरांच्या सह्या होत्या आणि एकच ओळ होती. ‘नातेपुत्याला बाजार कोणत्या वारी असतो?’

रुद्रप्पाने कार्ड दोनदा वाचले. मग डोळे पुसून तो टेबलापाशी बसला. बाजारतळ कुणाच्या ताब्यात, कर्ण्याला परवानगी कुणाची, मंडपाला ना हरकत कुणाची, असे त्याचे मन झराझरा पळू लागले. त्याने तीन कोरे कागद घेतले, मध्ये दोन कार्बन घातले, कडा जुळवल्या आणि वर लिहिले, ‘विषय :’.

विजयमालाने त्याच्या हातातून पेन काढून घेतले. एक कार्ड शोधले, त्यावर बाजाराचा वार लिहिला, खाली ‘चादर आमच्याकडे आहे’ एवढे लिहिले, आणि पदर खोचून स्वतःच कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आली.